रांग, कृती आणि मातृभाषा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त चामराजपेट, बंगळूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा पाठ)



आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना तिच्या हीरक महोत्सवाचा एक मेळावा बंगळूरच्या चामराजपेटेत भरावा, यात मला मोठे औचित्य दिसते. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात गेले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण झाले. शहाजीराजांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषांतील रचना एकत्र नांदताना दिसतात. तेव्हा या नगरीत मराठी माणूस परका नाही आणि अनेक भाषांत वावरणे हीही येथली नवी गोष्ट नाही. त्या काळी मराठी मंडळी येथे तलवार आणि लेखणी घेऊन आली. तुम्ही संगणक घेऊन आलात. तुमच्यापैकी अनेकांचा दिवस आज्ञावली लिहिण्यात जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी आजचा विषय तुमच्याच आवारातून निवडला आहे.

विषय ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. अ‍ॅरे आणि फंक्शन यांवरचे नवशिक्यांसाठीचे सराव, हा तो विषय. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. आयुष्यभर संधी, समास आणि वृत्ते शिकवीत आले. मग या विषयाला मी हात का घालावा? त्याचे कारण एक प्रश्न आहे. चौथीचा निकाल हाती घेऊन पालक माझ्या कार्यालयात येतात आणि विचारतात, “बाई, पुढचं सगळं जग संगणकाचं आहे. मराठी शाळेत आमच्या मुलाला प्रोग्रॅमिंग कसं जमणार?” हा प्रश्न प्रामाणिक असतो. विचारणाऱ्यांत आपल्याच शाळेत शिकलेले पालकही असतात. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही की जून महिन्यात पाचवीच्या हजेरीपटावरील एखादे नाव कमी होते. अशी नावे कमी होत गेली, तर पुढचे महोत्सव साजरे करायला शाळा उरणार नाही. भाषाभिमानाची भाषणे हे त्याचे उत्तर नव्हे. उत्तर वर्गात शोधायला हवे, म्हणून मी आमच्या संगणकाच्या तासांना मागच्या बाकावर बसू लागले. तेथे मुले जे शिकतात ते मराठीतून शिकता येते का, आणि येत असल्यास त्यात त्यांचा तोटा होतो की लाभ, एवढेच मला पाहायचे होते. जे दिसले ते तुमच्यापुढे मांडते. तुम्ही या विद्येतले जाणकार आहात. पण एकदा शिकून झालेल्या गोष्टीची पहिली पायरी आपल्याला सहसा आठवत नाही. आज तीच पायरी पाहू.

अ‍ॅरे म्हणजे रांग. एकाच नावाखाली क्रमाने ठेवलेल्या वस्तू, आणि प्रत्येक वस्तूला तिच्या जागेचा क्रमांक. आपण बसलो आहोत ते चामराजपेट हेच याचे उत्तम उदाहरण आहे. १८९२ साली आखणी करून वसवलेला आणि दहावे चामराजेंद्र वडियार यांचे नाव धारण करणारा हा भाग. येथील मुख्य रस्ते क्रमांकांनी ओळखले जातात आणि त्यांना छेदणारे आडरस्तेही क्रमांकांनीच. ‘तिसरा मेन, चौथा क्रॉस’ एवढे सांगितले की रिक्षावाला नेमक्या कोपऱ्यावर आणून सोडतो. दोन आकडे दिले की एक ठिकाण मिळते, यालाच तुम्ही द्विमितीय अ‍ॅरे म्हणता. हजेरीपटही तसाच असतो. आडव्या ओळीत एक मूल, उभ्या स्तंभात एक दिवस आणि दोहोंच्या छेदावर हजर की गैरहजर याची खूण.

मुलांना पहिला धक्का बसतो तो शून्याचा. रांगेतल्या पहिल्या वस्तूचा क्रमांक एक नसून शून्य कसा? फोर्ट्रान या १९५७ च्या भाषेत रांगेची मोजणी एकापासून होत असे. १९७० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या सी भाषेत ती शून्यापासून झाली आणि पायथॉननेही तोच मार्ग धरला. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने तर १९८२ साली या शून्याच्या समर्थनार्थ एक टिपणच लिहिले. पण आमच्या सहावीच्या मुलीने हे कोडे आपल्या परीने सोडवले. ती म्हणाली, “बाई, आधी तळमजला असतो, मग पहिला मजला.” इमारतीत शिरताना आपण तळमजल्यावरच असतो, चढावे काहीच लागत नाही. क्रमांक म्हणजे रांगेच्या तोंडापासूनचे अंतर, असे तिने ओळखले होते. पहिल्या वस्तूचे तोंडापासूनचे अंतर शून्यच असणार. हे स्पष्टीकरण तिला कोणत्याही पुस्तकातून मिळाले नव्हते. तिच्या रोजच्या मराठीत ते तयार होते.

आता फंक्शन. काही देऊन काही परत घ्यायचे, अशी नाव दिलेली कृती म्हणजे फंक्शन. आपल्या परंपरेत ही कल्पना फार जुनी आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. तिची मांडणी पाहा. आधी करणसूत्र येते आणि मग त्यावरचे उदाहरण. करणसूत्र म्हणजे करण्याची रीत. रीत एकदा सांगायची आणि मग वेगवेगळ्या आकड्यांवर ती चालवायची. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. अभ्यासाची परंपरा चालावी म्हणून शाळा काढणारी माणसे या मातीत आठशे वर्षांपूर्वीही होती.

त्याहून जवळचे उदाहरण आपल्या आजी-आजोबांच्या उजळणीत आहे. त्यांना नुसते ‘बे एके बे, बे दुणे चार’ येत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकीही तोंडपाठ असे. दीडकी म्हणजे नेमके काय? एक, दोन, तीन, चार अशी रांग घ्या. प्रत्येकाची दीडपट करा. दीड, तीन, साडेचार, सहा अशी नवी रांग तयार होते. औटकीत हीच गोष्ट साडेतीनपटीने होते. रांग तीच, कृती बदलली की फळ बदलते. आजचे पाठ्यपुस्तक याला ‘मॅप’ म्हणते आणि परदेशी नाव ऐकून पालक दचकतात. दुकानाच्या पेढीवर बसून ज्यांनी अडीचकीच्या आधारे कापडाचा हिशेब केला, त्यांची नातवंडे या कल्पनेपुढे बिचकण्याचे कारण नाही. दीडकी पाठ करणारा तिचे प्रत्येक फळ लक्षात ठेवीत असे आणि आजचे मूल ती फळे निर्माण करणारी रीत लिहिते, एवढाच फरक. लिहिण्यासाठी मात्र रीत समजलेली असावी लागते.

सरावांकडे वळू. पहिला सराव बेरजेचा असतो. गुणांची रांग घ्या आणि एकूण गुण परत द्या. मुले शून्य घेऊन बसतात आणि एकेक गुण त्यात मिळवत जातात. मग शिक्षक विचारतात, “आता सगळ्यांचा गुणाकार करा.” वर्गातले निम्मे हात पुन्हा शून्यापासूनच सुरुवात करतात आणि उत्तर शून्य येते. का? शून्याने गुणले की काहीच उरत नाही. तेथे एकापासून निघायला हवे. बेरजेला शून्य निरुपद्रवी, गुणाकाराला एक निरुपद्रवी. हे बीजगणिताचे तत्त्व मुले वरच्या वर्गात शिकतात; येथे ते सहावीतच त्यांच्या हाताला लागते.

दुसरा सराव सर्वांत मोठी संख्या शोधण्याचा. येथेही सवयीने सुरुवात शून्यापासून होते. गुणांच्या रांगेत ते निभावून जाते. पण समजा, शालेय भांडाराचा आठवडा तोट्यात गेला आणि रांगेत उणे चाळीस, उणे पंधरा, उणे साठ असे आकडे आहेत. यांत सर्वांत मोठा उणे पंधरा. शून्यापासून निघालेली आज्ञावली मात्र ‘शून्य’ असे उत्तर देईल. म्हणजे जो दिवस उजाडलाच नाही, तो ती सर्वांत चांगला दिवस म्हणून सांगेल! उपाय सोपा आहे. तुलना बाहेरून आणलेल्या आकड्याशी न करता रांगेतल्याच पहिल्या आकड्यापासून सुरू करायची. लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. रांगच रिकामी असेल तर? रविवारच्या वर्गात सर्वांत उंच कोण? बेरीज विचारली तर शून्य हे उत्तर ठीक आहे. पण ‘सर्वांत मोठा कोण’ याला उत्तरच नाही, आणि उत्तर नाही हे सांगण्याची सोय कृती लिहिणाऱ्यानेच करून ठेवायची असते. ज्याचे उत्तर नाही तेथे काहीतरी ठोकून देऊ नये, हा संस्कार आम्ही भाषेच्या तासाला वर्षानुवर्षे देऊ पाहतो. संगणक तो एका मिनिटात देतो.

तिसरा सराव रांग लावण्याचा. प्रार्थनेच्या वेळी मुले उंचीप्रमाणे उभी करायची असतात. शिक्षक दुरून पाहतात आणि भराभर जागा बदलतात. संगणकाला असे दुरून पाहता येत नाही. एका वेळी दोघांचीच उंची त्याला ताडून पाहता येते. म्हणून पाच मुलांना वर्गापुढे उभे करायचे आणि शेजारच्या दोघांत डावीकडचा उंच असेल तर जागा बदलायला सांगायचे. एक फेरी संपली की सर्वांत उंच मूल टोकाला पोहोचलेले असते. मग उरलेल्यांची फेरी. चार, तीन, दोन, एक अशा दहा तुलनांत रांग लागते. चाळीस मुलांच्या वर्गाला हीच रीत लावली तर ७८० तुलना लागतील. मुले स्वतःच म्हणतात, “बाई, याहून चांगली रीत हवी.” ही मागणी मुलांच्या तोंडून आली की पुढचा धडा अर्धा शिकवून झालेला असतो.

लावलेल्या रांगेचे मोल शोधण्याच्या वेळी कळते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत. ते विस्कळीत असते तर एक शब्द शोधायला साठ हजार नोंदी चाळाव्या लागल्या असत्या. अकारविल्हे लावलेले असल्यामुळे मधोमध पान उघडायचे, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहायचे आणि निम्मा कोश सोडून द्यायचा. असे करत गेले तर जास्तीत जास्त सोळा तुलनांत शब्द हाती येतो. कोश पाहायची सवय असलेल्या मुलाला ही रीत आधीच येत असते. तिला फक्त नाव द्यायचे राहिलेले असते.

चौथी गोष्ट मला मुख्याध्यापिका म्हणून विशेष महत्त्वाची वाटते. काही कृती मूळ रांग तशीच ठेवून नवी रांग देतात. काही कृती मूळ रांगेतच फेरफार करतात. दोन्ही प्रकार उपयोगी आहेत. पण आपण लिहिलेली कृती कोणत्या प्रकारची आहे, हे लिहिणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला पक्के ठाऊक हवे. गुणपत्रकाचे उदाहरण घ्या. काठावर अडलेल्या मुलांना तीन कृपांक देणारी कृती आपण लिहिली. ती मूळ गुणांतच तीन मिळवत असेल आणि कोणी ती चुकून दोनदा चालवली, तर काही मुलांना सहा कृपांक मिळतील. आणि खरे गुण किती होते, हे सांगायला कागदच उरणार नाही. म्हणून शहाणी कृती मूळ नोंद जपते, सुधारित प्रत वेगळी देते आणि दोहोंची नावे वेगळी ठेवते. शाळेच्या कपाटातील सर्वसाधारण नोंदवहीला आम्ही जसे जपतो, तसेच हे जपणे आहे. जी मुले मोठी होऊन लोकांचे हिशेब, रुग्णांच्या नोंदी आणि मतदारांच्या याद्या हाताळणार आहेत, त्यांना हा विवेक अकराव्या-बाराव्या वर्षी समजावा, यासारखे दुसरे नागरिकशास्त्र नाही. तो समजावून देण्यासाठी त्या वयातील मुलाच्या मनात थेट उतरणारी भाषाच लागते.

आता ज्या सरावासाठी मी हे सारे प्रास्ताविक केले, त्याकडे येते. तो सराव म्हणजे रांग उलटी करणे. रीत सोपी आहे. पहिल्याची शेवटच्याशी अदलाबदल, दुसऱ्याची उपान्त्याशी, असे मध्यापर्यंत जायचे. अदलाबदल कशी, हेही मुलांना कळते. एका पेल्यात दूध आणि एका पेल्यात ताक असेल, तर अदलाबदलीला तिसरा रिकामा पेला लागतो. सहा मुलांच्या रांगेला तीन अदलाबदली पुरतात. उत्साहाच्या भरात कोणी मध्यावर न थांबता शेवटपर्यंत गेले, तर सगळी रांग पुन्हा होती तशी होते आणि मुले चकित होऊन पाहत राहतात.

जगभरच्या पुस्तकांत यानंतरचा सराव ठरलेला असतो. शब्द घ्या, उलटा करा आणि दोन्हीकडून सारखा वाचता येतो का ते पाहा. इंग्रजी शब्द घेतला तर दोन ओळींत काम होते. आमच्या मुलांनी त्याऐवजी आपल्याकडे तोंडोतोंडी चालत आलेले वाक्य घेतले, ‘रामाला भाला मारा’. उलट वाचा, तेच येते. पण आज्ञावली म्हणाली, सारखे नाही! मुलांचा विश्वास बसेना. रांगेत काय आहे, हे एकेक करून छापून पाहिले तेव्हा उलगडा झाला. मधल्या जागा सोडल्या तर आपल्याला तेथे सात अक्षरे दिसतात. संगणकाला चौदा खुणा दिसतात. ‘रा’ हे त्याच्या लेखी एक अक्षर नव्हे. ‘र’ ही एक खूण आणि काना ही दुसरी. रांग उलटी केली की काना आपल्या अक्षराच्या आधी येऊन पडतो आणि वाक्य मोडते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो. युनिकोडच्या हिशेबात त्याच्या दहा खुणा होतात.

हा पेच सोडवायला मुलांना कोणाची मदत झाली असेल? त्यांच्या व्याकरणाच्या वहीची. जोडाक्षरांची फोड करून दाखवा, हा प्रश्न त्यांनी कितीतरी वेळा सोडवला होता. ‘ष्ट्र’ म्हणजे ष, ट आणि र यांची जोडणी, हे त्यांना ठाऊक होते. फक्त एक फरक समजून घ्यावा लागला. व्याकरणात आपण ‘क्’ हे मूळ व्यंजन धरतो आणि त्यात ‘अ’ मिळवून ‘क’ करतो. युनिकोडमध्ये ‘क’ पूर्ण धरलेला असतो आणि हलन्ताची खूण लावून त्यातला ‘अ’ काढून घेतला जातो. एवढे उमगल्यावर त्यांनी एकाऐवजी दोन कृती लिहिल्या. पहिली कृती सुट्या खुणा गोळा करून पूर्ण अक्षरांची रांग तयार करते. काना-मात्रा आली तर मागच्या अक्षराला चिकटवते, हलन्त आला तर पुढचे व्यंजनही ओढून घेते. दुसरी कृती ती रांग उलटी करते. एका कृतीचे फळ दुसऱ्या कृतीच्या हाती द्यायचे, ही आज्ञावली लिहिण्यातली फार मोठी युक्ती त्या दिवशी सातवीच्या वर्गात बाराखडीच्या वाटेने आली.

मित्रहो, मला सांगायचे आहे ते एवढेच. मराठी मूल हे सराव मराठीतून करते तेव्हा ते मागे राहत नाही. उलट काही ठिकाणी त्याला जास्तीचे शिकावे लागते आणि ते जास्तीचे त्याच्या कामी येते. दोन ओळींत ज्याचे काम झाले, त्याला अक्षर आणि खूण यांतला भेद कदाचित पुष्कळ उशिरा कळेल. ज्याची लिपी काना-मात्रांची आहे, त्याला तो पहिल्याच वर्षी कळतो.

येथे कोणी म्हणेल, हे ठीक. पण इंग्रजीवाचून चालणार का? चालणार नाही, आणि चालावे असे मी म्हणतही नाही. पुढची पुस्तके इंग्रजीत आहेत. संगणक चूक दाखवतो तेही इंग्रजीत. आम्ही इंग्रजी मन लावून शिकवतो आणि आणखी चांगले शिकवायला हवे. परंतु भाषा शिकणे ही एक गोष्ट आहे आणि समज येण्याआधीच विचाराची भाषा काढून घेणे ही दुसरी. पायथॉनमध्ये राखीव शब्द सुमारे पस्तीस आहेत. पस्तीस शब्द शिकण्यासाठी मुलाचे माध्यम बदलावे लागत नाही. २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तर कृतींना आणि रांगांना देवनागरीत नावे देता येतात. ‘बेरीज’, ‘गुण’, ‘सर्वात_मोठा’ अशी नावे ती निमूट स्वीकारते. आज्ञावलीत थेट लिहायचे आकडे इंग्रजी अंकांतच हवेत. पण वापरणाऱ्याने मजकूर म्हणून टंकलेला ‘१२’ संख्येत बदलायला सांगितला, तर तोही तिला ओळखता येतो. पहिल्या वर्षी मराठी नावे वापरावीत, पुढे सर्वांबरोबर काम करताना इंग्रजी नावे वापरावीत. मला यात विसंगती दिसत नाही.

परिभाषेचाही बाऊ नको. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. ते कार्य थोरच होते. तरीही आपण आज ‘हजेरी’ आणि ‘तारीख’ म्हणतोच, आणि ते शब्द आता मराठीच आहेत. तसेच ‘अ‍ॅरे’ आणि ‘फंक्शन’ हे शब्द राहिले तर राहोत. आम्ही वर्गात रांग आणि कृतीही म्हणतो, अ‍ॅरे आणि फंक्शनही म्हणतो. महत्त्व शब्दाला आहेच; पण त्यामागचे वाक्य मुलाच्या भाषेत असण्याला त्याहून अधिक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवी व त्यापुढेही, घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले आहे. त्याच धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगच्या कृती सुचवल्या आहेत. ही दोन वाक्ये एकाच वर्गात खरी करून दाखवणे आपल्यासारख्या शाळांच्या हाती आहे.

शाळेच्या हाती असले, तरी ते एकट्या शाळेला साधणारे नाही. म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या घेऊन मी या गावी आले आहे. देणगीची पावती-पुस्तके कार्यवाह घेऊन आले आहेत. त्याविषयी ते बोलतील. माझ्या मागण्या वेगळ्या आहेत.

पहिली मागणी लेखनाची. रांग आणि कृती यांवर आपल्या मुलांसाठी मराठीत सरावांची एक पुस्तिका लिहून द्या. त्यात डॉलर आणि बेसबॉल नको, एस. टी.चे थांबे, दूध संघाचे लिटर, पावसाचे मिलिमीटर आणि कबड्डीचे गुण असू द्या. सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम तुम्ही ठरवा, शुद्धलेखन आम्ही तपासू.

दुसरी मागणी वेळेची. महिन्यातून एक तास पडद्यावरून का होईना, आमच्या वर्गात या. तयार उत्तरे दाखवायला येऊ नका. तुमची स्वतःची आज्ञावली चालत नाही तेव्हा तुम्ही काय करता, रांग कशी छापून पाहता, एकेक पायरी कशी तपासता, ते मुलांसमोर मराठीत बोलून दाखवा. जाणत्या माणसाला विचार करताना ऐकणे, ही मुलांना मिळू शकणारी फार दुर्मिळ गोष्ट आहे.

तिसरी मागणी साक्षीची, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. एप्रिल महिन्यात आम्ही चौथीच्या पालकांची सभा घेतो. तेथे माझ्या शब्दाला मर्यादा आहेत. मी बोलले की लोकांना वाटते, बाईंना पट टिकवायचा आहे. तुम्ही बोलला तर ते ऐकतील. तुम्ही या शहरात मोठमोठ्या प्रणाली उभ्या करता. ‘जर’ आणि ‘तर’ यांचे नाते, ‘प्रत्येक’ आणि ‘एखादा’ यांतला फरक, ‘जोपर्यंत’ने सुरू होणारे वाक्य कोठे थांबते, हे तुम्हाला प्रथम कोणत्या भाषेत कळले, एवढे त्यांना खरेखुरे सांगा. इंग्रजीची अडचण आली असेल तर तीही सांगा आणि ती कशी ओलांडली तेही सांगा. काही लपवू नका. पालकांना जाहिरात नको आहे. त्यांना त्याच वाटेने पुढे गेलेला माणूस पाहायचा आहे.

येत्या जूनमध्ये पाचवीच्या हजेरीपटाचे पहिले पान मी नेहमीप्रमाणे स्वतः लिहीन. ती रांग किती लांब असेल, हे काही अंशी तुमच्यावर अवलंबून आहे. ज्यांना एप्रिलच्या सभेला येता येईल, त्यांनी आपली नावे बाहेरच्या टेबलावर ठेवलेल्या वहीत लिहावीत. वहीतील पहिली ओळ अजून रिकामी आहे.